दिवाणजी उठून गेला, तर चिठ्ठ्यांचं काय?

२०१९ च्या महापुरात सांगलीतल्या एका पतसंस्थेचा तळमजल्यावरचा सर्व्हर पाण्यात गेला. नवा घेतला तो दुसऱ्या मजल्यावर बसवला आणि त्याची देखभाल माझ्याकडे आली. मशीन काही फार मोठं नव्हतं. चार कोअरचा प्रोसेसर होता, पण हायपरथ्रेडिंगमुळे एकेक कोअर दोन असल्यासारखा वागायचा, म्हणून लिनक्सच्या हिशेबी आठ प्रोसेसर. साठवणीला एक एनव्हीएमई एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क.

त्या डिसेंबरात एका रात्री दिवसाचे व्यवहार बंद झाले होते, बॅकअप चालू होता आणि मी हायपरथ्रेडिंग बंद करायला घेतलं. आदल्या वर्षी, २०१८ मध्ये, काही प्रोसेसरांमधल्या सुरक्षेच्या त्रुटी उघड झाल्या होत्या आणि जोडीतला एक प्रोसेसर बंद ठेवणं हा त्यावर सांगितलेला एक उपाय होता. त्यासाठी मशीन बंद करावं लागत नाही. सिस्टिममधल्या एका छोट्या फाइलीत 'ऑफ' एवढा शब्द लिहिला, की आठातले चार प्रोसेसर चालत्या कामातून बाजूला होतात.

शब्द लिहिला आणि बॅकअपचा आकडा जागच्या जागी थांबला.

शेजारी मॅनेजर बसले होते. "अडकलं का हो?" त्यांनी विचारलं. मला सांगता येईना. पंखे फिरत होते, डिस्कचा दिवा मात्र लुकलुकायचा थांबला होता. मी भिंतीवरच्या घड्याळाचा काटा बघत राहिलो. अर्ध्या मिनिटाने आकडा पुन्हा सरकायला लागला आणि बॅकअप सुरळीत पुरा झाला. नंतर लॉग उघडला तर त्यात एक ओळ होती: एका मागणीचा नंबर, पुढे 'क्यूआयडी ५', आणि पुढे 'टाइमआउट, कम्प्लीशन पोल्ड'.

या ओळीचा अर्थ असा: पाचव्या रांगेतल्या एका कामाचं उत्तर ठरल्या वेळेत आलं नाही, म्हणून शेवटी स्वतः जाऊन बघितलं, तर काम आधीच झालेलं होतं. डिस्कने बहुधा एका मिलिसेकंदाच्याही आत काम उरकलं होतं. तीस सेकंद गेले ते फक्त 'झालं' हा निरोप कुणापर्यंतच न पोचल्यामुळे.

हा निरोप कुठे हरवला, आणि आजच्या लिनक्समध्ये तो का हरवत नाही, हे मी तेव्हापासून बऱ्याच जणांना तोंडी समजावून सांगितलं आहे. आता एकदा लिहून काढतो.

आधी प्रोसेसर 'ऑफलाइन' जातो म्हणजे काय, ते बघू. तो बिघडलेला नसतो. ऑपरेटिंग सिस्टिमच त्याला सांगते, की आता तुझ्याकडे काम नाही, बाजूला हो. माझ्यासारखा कुणी हायपरथ्रेडिंग बंद करतो तेव्हा हे घडतं. भाड्याच्या आभासी मशीनचे प्रोसेसर चालू असतानाच कमी केले, तर आतल्या ऑपरेटिंग सिस्टिमला हेच करावं लागतं. लॅपटॉप गाढ झोपेत जाताना पहिला सोडून बाकी सगळे प्रोसेसर असेच बंद होतात. पण तिथे डिस्कसारखी उपकरणं आधी झोपवतात आणि प्रोसेसर नंतर, त्यामुळे डिस्ककडे काम अडकून पडायचा प्रसंग सहसा येत नाही. खरी परीक्षा असते ती भर कामात, डिस्कवर लिहिणं-वाचणं जोरात चालू असताना प्रोसेसर काढून घेतला तर.

प्रोसेसर एका झटक्यात बंद होत नाही. तो एक जिना उतरतो. २०१६ च्या सुमारास थॉमस ग्लाइक्स्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लिनक्समधली ही सगळी व्यवस्था पायऱ्यांमध्ये बांधली. प्रोसेसर कामावर येताना एकेक पायरी चढतो आणि जाताना त्याच पायऱ्या उलट उतरतो. कर्नेलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, ज्या ज्या विभागाला प्रोसेसरच्या येण्याजाण्याशी देणंघेणं आहे, त्याने आधीच सांगून ठेवायचं, की अमुक पायरीवर मला हाक मारा. वरच्या पायऱ्यांवर प्रोसेसर जिवंत असतो, काम करू शकतो, निरोप घेऊ शकतो. खालच्या पायऱ्यांवर तो गेलेला असतो आणि त्याच्या मागची आवराआवर दुसऱ्याला करावी लागते. साठवणीचा विभाग दोन पायऱ्यांवर हाक मागतो: एक प्रोसेसर जिवंत असतानाची, एक तो गेल्यानंतरची. हे ध्यानात ठेवा, पुढे सगळं यावरच बेतलेलं आहे.

आता रांगांकडे वळू.

जुनी फिरती हार्ड डिस्क, मिनिटाला ७२०० फेऱ्यांची, इकडच्या तिकडच्या जागांवरचं वाचन सेकंदाला शंभराच्या आसपास वेळा करू शकायची. तिच्यासाठी लिनक्समध्ये एकच रांग होती आणि त्या रांगेला एकच कुलूप. ज्या प्रोसेसरला मागणी टाकायची त्याने कुलूप घ्यायचं, मागणी टाकायची, कुलूप सोडायचं. डिस्कच इतकी सावकाश, की कुलपापाशी थांबलेल्यांची कुणाला झळ लागत नसे. साटा या जुन्या जोडणीच्या डिस्कला तरी काय, एका वेळी ३२ कामांची एकच यादी समजायची.

मग एसएसडी आल्या आणि सेकंदाला लाखो मागण्या पुऱ्या करायला लागल्या. आता डिस्क मोकळी आणि प्रोसेसरच कुलपापाशी खोळंबलेले, असं उलटं चित्र झालं. मॅटियास ब्यॉर्लिंग, येन्स ॲक्सबो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये यावर एक निबंध मांडला. त्यातली कल्पना अशी, की प्रत्येक प्रोसेसरला स्वतःची रांग द्या आणि उपकरणाकडे जाणाऱ्या रांगाही अनेक ठेवा. हे काम २०१४ च्या जानेवारीत लिनक्स ३.१३ मध्ये आलं, आणि २०१९ च्या मार्चमधल्या ५.० मध्ये जुनी एका रांगेची पद्धत पूर्ण काढून टाकली. एनव्हीएमईची रचना तर मुळातच अनेक रांगांची. तिच्या नियमांप्रमाणे एका उपकरणाला ६५,५३५ पर्यंत रांगा असू शकतात. इतक्या कुणी करत नाही. लिनक्स साधारणपणे प्रोसेसर असतील तितक्या रांगा मागतं आणि उपकरण देईल तितक्या घेतं.

इथून पुढे मी हरिपूरला जातो. सांगलीकरांना वेगळं सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगतो: हरिपूर हे सांगलीला लागून कृष्णा-वारणेच्या संगमावरचं गाव, आणि तिथली हळदीची पेवं प्रसिद्ध. जमिनीत खोल खोदलेल्या त्या पेवांत हळद वर्षानुवर्षं कीड न लागता टिकायची. सौदे सांगलीच्या यार्डात, साठवण हरिपूरला. २००५ च्या महापुरात त्यातली बरीचशी पेवं पाण्याने गेली. मागण्यांचं 'पेव फुटणं' हा वाक्प्रचार आपण रोज वापरतो, पण पेव पाहिलेली माणसं आता कमी होत चालली आहेत. म्हणून समजावताना मी मुद्दाम पेवाचंच उदाहरण घेतो. खाली जो कारभार लिहिला आहे, तो मी समजण्यासाठी रचलेला आहे. डिस्कचा कारभार मात्र हुबेहूब असा चालतो.

यार्डात आठ दिवाणजी बसले आहेत. प्रत्येकाचं टेबल, टेबलाला एक खण, टेबलावर एक फोन. हरिपूरला आठ खिडक्या आहेत आणि एकेका दिवाणजीला एकेक खिडकी नेमून दिली आहे. प्रत्येक खिडकीच्या नावाची एक फळी यार्डात टांगली आहे. तिच्या खुंट्यांवर नंबर कोरलेले पितळी बिल्ले आहेत.

गिऱ्हाईक येतं आणि म्हणतं, अमुक पेवातून इतकी पोती काढा. दिवाणजी फळीवरचा एक बिल्ला काढून घेतो. बिल्ल्याशिवाय चिठ्ठी लिहायची नाही, हा पक्का नियम. समजा, सतरा नंबरचा बिल्ला मिळाला. दिवाणजी चिठ्ठीवर सतरा लिहून ती खणात ठेवतो आणि खणातल्या चिठ्ठ्या जमतील तशा आपल्या खिडकीकडे धाडतो. हरिपूरला पोती निघाली, की त्याच्या टेबलावरचा फोन वाजतो: सतरा झाला. दिवाणजी गिऱ्हाइकाला सांगतो आणि बिल्ला परत खुंटीवर टांगतो.

दिवाणजी म्हणजे प्रोसेसर. खण म्हणजे त्या प्रोसेसरची कर्नेलमधली रांग. खिडकी म्हणजे उपकरणाकडची रांग. बिल्ल्याला कर्नेलमध्ये टॅग म्हणतात. आणि फोन म्हणजे इंटरप्ट, काम झालं की उपकरणाने प्रोसेसरला दिलेली हाक.

कुठला दिवाणजी कुठल्या खिडकीशी बांधलेला, याचा एक तक्ता असतो. दर वेळी आठाला आठ खिडक्या मिळतीलच असं नाही. उपकरण दोनच खिडक्या देत असेल, तर चार-चार दिवाणजी एकेका खिडकीवर. सुरुवातीच्या काळात कुणीही दिवाणजी आला किंवा गेला, की कर्नेल सगळ्या खिडक्यांचं काम थांबवून हा तक्ताच नव्याने आखायचं. एकासाठी सगळा यार्ड बंद. पुढे ते बदललं. आता जे प्रोसेसर या मशीनमध्ये कधीही येऊ शकतील, त्या सगळ्यांना धरून तक्ता आधीच आखलेला असतो, आणि कुणी रजेवर गेलं तरी तो बदलत नाही. मला हा बदल फार महत्त्वाचा वाटतो. यामुळे प्रश्न लहान झाला. तक्ता काय करायचा हे आता विचारायचंच नाही, फक्त जाणाऱ्याकडे अडकलेल्या कामांचं काय ते बघायचं.

अडकलेली कामं दोन जागी असतात आणि दोन्हींचा इलाज वेगळा आहे. खणातल्या चिठ्ठ्या अजून यार्डातच आहेत. हरिपूरला गेलेल्या चिठ्ठ्या आपल्या हातात नाहीत.

खणाचं सोपं आहे. दिवाणजी गेला, जिन्याच्या खालच्या पायरीवर साठवण विभागाला हाक आली, की खण उघडायचा, असतील तेवढ्या चिठ्ठ्या उचलायच्या आणि त्या खिडकीच्या 'आधी धाडा' पेटीत टाकायच्या. ही पेटी प्रत्येक खिडकीला असते आणि तिच्यातल्या चिठ्ठ्या इतर कुठल्याही खणाच्या आधी जातात. मग त्या खिडकीवरचा दुसरा कुणी हजर दिवाणजी ती पेटी रिकामी करतो. चिठ्ठ्या सरळ दुसऱ्या कुणाच्या खणात का टाकत नाहीत, असं एका मुलाने मला विचारलं होतं. कारण चिठ्ठीवर ज्या फळीचा बिल्ला आहे, ती त्याच खिडकीने जायला हवी. पाचव्या खिडकीचा सतरा आणि दुसऱ्या खिडकीचा सतरा यांचा एकमेकांशी काही संबंध नाही.

हरिपूरला गेलेल्या चिठ्ठ्यांचं तसं नाही. त्या परत बोलावता येत नाहीत. पोती निघणार, फोन येणार. कुणाच्या टेबलावर?

खिडकीवर चार दिवाणजी असतील आणि एक गेला, तर फोन उरलेल्या तिघांपैकी एकाकडे वळवला जातो. काही बिघडत नाही. पण माझ्या सर्व्हरवर आठ प्रोसेसर आणि आठ रांगा होत्या, एकाला एक. लॉगमधली 'क्यूआयडी ५' म्हणजे पाचवी रांग. शून्य नंबरची रांग उपकरणाच्या कारभाराची, आणि प्रोसेसर मोजतात शून्यापासून, म्हणून पाचवी रांग ही प्रोसेसर ४ ची. हायपरथ्रेडिंग बंद केल्यावर प्रोसेसर ४, ५, ६, ७ गेले. पाचव्या खिडकीचा एकुलता एक दिवाणजी उठून गेला. त्याच्याबरोबर त्याचा फोनही काढून ठेवला गेला. हरिपूरहून 'झालं' असा फोन लागला तो तोडलेल्या तारेवर.

इथे कुणीही विचारेल, की फोन शेजारच्या टेबलावर का वळवला नाही? जुन्या साटा डिस्कचा इंटरप्ट आजही तसाच वळतो आणि म्हणून तिथे ही अडचण कधी आली नाही. एनव्हीएमईसारख्या अनेक रांगांच्या उपकरणांसाठी मात्र तो मुद्दाम वळवत नाहीत. कारण जागेचं आहे. आपल्या नेहमीच्या पीसी-सर्व्हरमधल्या एका प्रोसेसरला इंटरप्ट घेण्यासाठी एकूण २५६ क्रमांक असतात. पहिले ३२ प्रोसेसरच्या स्वतःच्या अडचणींसाठी राखीव, आणखी काही कर्नेलच्या अंतर्गत कामांसाठी. उपकरणांसाठी उरतात दोनशेच्या आसपास. आता शंभर प्रोसेसरांचा सर्व्हर घ्या, त्याला पाच-सहा एसएसडी आणि नेटवर्क कार्डं जोडलेली, प्रत्येकाला शंभर रांगा, प्रत्येक रांगेला एक फोन. जाणाऱ्या प्रत्येकाचा फोन उरलेल्यांच्या टेबलावर आणायचा ठरवला आणि शेवटी एकच दिवाणजी उरला, तर त्याच्या टेबलावर पाचशे-सहाशे फोन. बसणारच नाहीत. म्हणून २०१७ च्या सुमारास नियम झाला, की अशा नेमून दिलेल्या इंटरप्टच्या यादीतला शेवटचा प्रोसेसर गेला, तर तो इंटरप्ट बंद करून ठेवायचा. प्रोसेसर परत आला की पुन्हा चालू करायचा.

नियम योग्यच आहे. पण त्याची एक अट होती: फोन बंद करण्याआधी त्या खिडकीवर एकही काम बाकी नसावं. ही अट पाळली जाते आहे की नाही, हे त्या वेळी कुणी बघत नव्हतं. माझ्या सर्व्हरवर २०१९ मध्ये कर्नेल होतं ४.१९ मालिकेतलं. त्यात फोन बंद व्हायचा, पण चिठ्ठ्यांची वाट बघितली जायची नाही. एनव्हीएमईचा ड्रायव्हर, म्हणजे ते उपकरण हाताळणारा कर्नेलचा भाग, निदान वेळ संपल्यावर आधी स्वतः जाऊन बघतो, म्हणून माझं तीस सेकंदांवर निभावलं. असं न बघणारा ड्रायव्हर असेल तर वेळ संपली म्हणजे काम बुडालं असं धरून ते रद्द करायला जातो, नाहीतर सगळं उपकरणच पुन्हा सुरू करतो. बिनचूक झालेल्या कामासाठी एवढी उलथापालथ.

दुरुस्ती आली ती लिनक्स ५.८ मध्ये, २०२० च्या ऑगस्टमध्ये. मिंग लेई आणि ख्रिस्तोफ हेलविग यांचं हे काम. कल्पना ऐकायला साधी आहे. दिवाणजी जायला निघाला, अजून जिवंत आहे, फोन चालू आहे, तेव्हाच वरच्या पायरीवर साठवण विभागाला हाक येते. विभाग बघतो, की या खिडकीवर हा शेवटचा आहे का? नसेल तर जाऊ द्या. असेल तर फळीवर 'बंद' अशी पाटी लावा, म्हणजे नवीन बिल्ला कुणी काढणार नाही. मग खुंट्या मोजत थांबा. सगळे बिल्ले परत आले, म्हणजे एकही चिठ्ठी बाहेर नाही, की दिवाणजीला सोडा. प्रत्यक्षात हे मोजणं दर पाच मिलिसेकंदांनी होतं.

बिल्ले मोजायची युक्ती मला फार आवडते. चिठ्ठी खणात आहे, वाटेत आहे की हरिपूरला आहे, हे शोधत बसावंच लागत नाही. बिल्ला खुंटीवर नाही, म्हणजे काम कुठेतरी बाकी आहे. एवढं पुरतं.

पण पाटी लावून मोजायला सुरुवात करण्यात एक बारीक फट राहते. या सगळ्या प्रकरणातली खरी मेख तिथे आहे, म्हणून तिथे जरा थांबू.

समजा, चिठ्ठी लिहायला आलेल्या माणसाने आधी फळीकडे बघितलं. पाटी नाही. तो बिल्ल्याकडे हात नेतो. नेमक्या त्या क्षणी दिवाणजी पाटी लावतो, खुंट्या मोजतो, सगळे बिल्ले जागेवर दिसतात, आणि तो उठून जातो. मग या माणसाचा हात बिल्ल्यापर्यंत पोचतो. चिठ्ठी गेली, फोन बंद. पुन्हा तेच तीस सेकंद. दोघांनीही आपापल्या परीने नियम पाळला आणि तरी काम हरवलं.

हा माणूस आला कुठून, दिवाणजी तर स्वतःच जातो आहे ना? प्रोग्रॅम एका प्रोसेसरवर चालू असताना कर्नेल त्याला मध्येच दुसऱ्या प्रोसेसरवर हलवू शकतं. त्याने पाचवी खिडकी निवडली तेव्हा तो या टेबलाशी उभा होता, बिल्ल्याला हात घालताना दुसऱ्या टेबलाशी. त्यामुळे दोघं खरोखर एकाच वेळी चालू असू शकतात.

उपाय क्रमाचा आहे. दोघांनीही आधी आपली कृती करायची आणि मग दुसऱ्याची कृती बघायची. दिवाणजीने आधी पाटी लावायची, मग खुंट्या मोजायच्या. चिठ्ठी लिहिणाऱ्याने आधी बिल्ला काढायचा, मग पाटी आहे का ते बघायचं. आता कसंही घडवून बघा. बिल्ला आधी निघाला असेल, तर मोजताना दिवाणजीला रिकामी खुंटी दिसणार आणि तो थांबणार. पाटी आधी लागली असेल, तर बिल्ला काढल्यावर माणसाला पाटी दिसणार. तो बिल्ला परत टांगेल, तीन मिलिसेकंद थांबेल आणि तेव्हा ज्या टेबलाशी असेल तिथल्या खिडकीकडे नव्याने प्रयत्न करेल. दोघांचीही नजर चुकणं आता शक्यच नाही. मी हे वर्गात दोन मुलांना फळ्यापाशी उभं करून करायला लावतो. एकाच्या हातात पाटी, दुसऱ्याच्या हातात किल्ल्यांचा जुडगा. क्रम उलटा केला की चूक घडवून दाखवता येते, सुलट केला की काही केल्या घडत नाही. दहा मिनिटं ती मुलं चूक घडवायचा प्रयत्न करतात आणि मग त्यांना ते पटतं.

इथे अजून एक गोष्ट सांभाळावी लागते. आजचे प्रोसेसर आणि कंपायलर (प्रोग्रॅमचं मशीनच्या भाषेत रूपांतर करणारी साधनं) वेग वाढवण्यासाठी कामांचा क्रम आपल्या सोयीने बदलतात. आपण लिहिलं 'पाटी लाव, मग मोज', तरी प्रोसेसर मोजायला आधी सुरुवात करू शकतो, कारण त्याच्या दृष्टीने या दोन वेगळ्या जागच्या, एकमेकांशी संबंध नसलेल्या गोष्टी आहेत. म्हणून कर्नेलमध्ये या दोन ओळींच्या मध्ये एक अडसर लिहिलेला आहे. त्याला मेमरी बॅरियर म्हणतात. त्याचं सांगणं एवढंच: माझ्या अलीकडचं सगळं जगाला दिसेपर्यंत पलीकडचं सुरू करायचं नाही. बिल्ला काढणाऱ्याच्या बाजूला वेगळा अडसर लागत नाही, कारण बिल्ला काढण्याची क्रियाच अशी अखंड लिहिलेली आहे, की तिच्यातच तो येतो. कर्नेलच्या त्या जागी एक टीप आहे, की हा अडसर पलीकडच्या त्या अडसराच्या जोडीचा आहे. अशी टीप लिहून ठेवणाऱ्यांबद्दल मला मनापासून आदर वाटतो. ती नसती, तर पुढच्या कुणीतरी वेग वाढवायच्या नादात ही एक ओळ सहज काढून टाकली असती, आणि वर्षभराने कुठेतरी एखादा सर्व्हर तीस सेकंद थांबला असता.

सगळ्याच साठवणींना ही वाट बघायला लावत नाहीत. काही उपकरणं दुसऱ्या उपकरणाच्या डोक्यावर उभी असतात. फाइललाच डिस्क असल्यासारखं वापरणारं लूप उपकरण त्यातलंच. त्याची स्वतःची खिडकी असते, पण काम शेवटी खालच्या खऱ्या डिस्कच्या खिडकीतूनच जातं. वरच्याला थांबवून ठेवलं तर वरचा खालच्याची आणि खालचा वरच्याची वाट बघतो आहे, अशी गाठ बसू शकते. म्हणून अशा उपकरणांना या नियमातून वगळलेलं आहे. त्यांना स्वतःचा फोन नसतोच, त्यामुळे बिघडत काही नाही.

आणि डिस्कच अडून बसली असेल, बिल्ले परत येतच नसतील, तर? तर प्रोसेसरला जाता येत नाही, तो तितका वेळ तिथेच थांबतो. काहींना हा दोष वाटतो. मला नाही वाटत. ज्या डिस्कवर ठेवीदारांच्या नोंदी आहेत, तिच्यापायी एक प्रोसेसर बंद व्हायला उशीर झाला तर होऊ दे.

हे स्वतः बघायचं असेल तर फार काही लागत नाही. लिनक्स आणि एनव्हीएमई एसएसडी असलेलं घरचं मशीन चालेल. ज्या मशीनवर लोकांचं काम चालू आहे, त्यावर मात्र हा प्रयोग करू नका. 'प्रॉक' फोल्डरमधली 'इंटरप्ट्स' नावाची फाइल उघडा. आडव्या ओळी इंटरप्टच्या, उभे रकाने प्रोसेसरचे. एनव्हीएमईच्या ओळी शोधा आणि एखादी मोठी फाइल कॉपी करायला लावून पुन्हा बघा. एकाला एक रांग असेल तर आकडे तिरके दिसतात, जिन्यासारखे: पहिल्या रांगेचा आकडा पहिल्या रकान्यात, दुसऱ्या रांगेचा दुसऱ्यात. प्रत्येक फोन आपापल्या टेबलावर वाजतो आहे, हे डोळ्यांनी दिसतं. मग प्रशासकाच्या अधिकाराने एखाद्या प्रोसेसरच्या फोल्डरमधल्या 'ऑनलाइन' नावाच्या फाइलीत ० लिहा. प्रोसेसर शून्य सोडून दुसरा कुठलाही घ्या, शून्याला सहसा बंद करता येत नाही. त्याचा अख्खा रकाना तक्त्यातून नाहीसा होतो.

पतसंस्थेचा सर्व्हर मी २०२१ मध्ये ५.१० मालिकेच्या कर्नेलवर नेला. मॅनेजर तेच होते. त्या रात्रीही बॅकअप चालू ठेवला आणि प्रोसेसर ४ च्या फाइलीत ० लिहिलं. ते घड्याळाकडे बघत होते, मी लॉगकडे. बॅकअपचा आकडा पळतच राहिला. इंटरप्टच्या तक्त्यात प्रोसेसर ४ चा रकाना नव्हता आणि पाचव्या रांगेची ओळ होती तशी स्तब्ध उभी होती, कारण ती खिडकी बंद होती आणि तिच्यावर काही बाकी नव्हतं. मग १ लिहिलं. रकाना परत आला, आणि दुसऱ्यांदा फाइल उघडली तेव्हा पाचव्या रांगेचा आकडा पुन्हा वाढायला लागला होता.